त्वचेच्या तक्रारींची दूरस्थ छाननी: एआयचे उत्तर शेवटी का पाहावे आणि त्याआधी काय करावे

उपकेंद्रात रुग्ण येतो, मोबाइल बाहेर निघतो, चट्ट्याचा एक फोटो घेतला जातो, तो एआयला दिला जातो आणि पडद्यावर जे पहिले नाव उमटते ते कागदावर उतरते. प्रश्न त्यानंतर सुरू होतात आणि तेही त्या नावाला धरूनच विचारले जातात. पडद्यावर ‘इसब’ आले असेल, तर घरात आणखी कुणाला खाज आहे का हे विचारायचे सुचत नाही आणि खरजेचे अख्खे घर हातातून निसटते. बहुतेक चुका अशा क्रमाच्या असतात. साधन बदलल्याने त्या सुधारत नाहीत.

हा लेख समुदाय आरोग्य अधिकारी, आशा, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि शिबिरांत काम करणारे स्वयंसेवक यांच्यासाठी आहे. येथे रोगनिदान करायचे नाही. कोणत्या रुग्णाला आत्ता गाडीत बसवायचे, कोणाला आज डॉक्टरांपुढे न्यायचे, कोणाचे आठवडाभरात पाहिले तरी चालेल आणि कोणाला त्वचारोगाच्या पुढच्या ओपीडीची वाट पाहता येईल, एवढेच ठरवायचे आहे. भूम किंवा सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून लातूर, अंबाजोगाई, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे वेगळे पडते. म्हणून विनाकारण पाठवणे आणि पाठवायला हवे त्याला घरी बसवणे, या दोन्ही चुका महाग पडतात. त्यातली दुसरी जिवावर बेतू शकते.

पुढील सर्व टप्प्यांना लागू असलेला नियम आधीच सांगून ठेवतो: एआयच्या उत्तराने रुग्णाची तातडी वाढवता येते, कमी करता येत नाही.

कायद्याची चौकटही याच दिशेची आहे. केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी जारी केलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार एआयवर चालणाऱ्या मंचाला रुग्णास सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही. नोंदणीकृत डॉक्टरांना मदत करण्यापुरताच त्याचा वापर करता येतो. पडद्यावर औषधाचे नाव आले तरी ते रुग्णाला वाचून दाखवू नये.

## टप्पा १: रुग्ण येण्याआधी साधन तपासून घेणे

साधने ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारची साधने फक्त त्वचेच्या छायाचित्रावरून संभाव्य आजारांची यादी देतात. दुसऱ्या प्रकारात आपण गप्पा मारतो तसे लिहून प्रश्न विचारता येतात आणि सोबत फोटोही जोडता येतो.

पहिल्या प्रकारच्या साधनाबाबत पहिली चौकशी अशी करावी की त्याला कोणते आजार शिकवलेले आहेत. ही यादी सहसा उत्पादकाच्या माहितीपत्रकात असते. ज्या साधनाच्या यादीत कुष्ठरोग नाही, ते कुष्ठरोगाचा चट्टा पाहून कधीही कुष्ठरोग म्हणणार नाही. ते शिबे म्हणेल किंवा कोड म्हणेल, आणि समोर ९० टक्के असा आकडाही लिहील. तो आकडा रुग्णाला तो आजार असण्याची शक्यता सांगत नाही. माहीत असलेल्या नावांपैकी कोणते नाव छायाचित्राशी जास्त जुळते, एवढेच तो सांगतो. अनेक परदेशी साधने मुळात तीळ आणि त्वचेचा कर्करोग यांतील फरक ओळखण्यासाठी तयार झाली. आपल्याकडे रांगेत उभे असतात ते नायटा, खरूज, इसब, गळवे, पित्त आणि घामोळ्या.

दुसरी चौकशी त्वचेच्या रंगाची. २०२२ मध्ये स्टॅनफोर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी बायोप्सीने (त्वचेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीने) निदान पक्के झालेल्या ६५६ छायाचित्रांवर काही नावाजलेल्या एआय प्रणाली तपासल्या, तेव्हा गडद त्वचेवर त्यांची कामगिरी स्पष्टपणे घसरलेली दिसली. गोऱ्या त्वचेवर जी सूज लालभडक दिसते ती सावळ्या त्वचेवर तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसते. ‘लाली’ शोधायला शिकलेल्या प्रणालीला ती दिसतच नाही.

म्हणून साधन वापरात आणण्यापूर्वी आपल्याच भागातील, डॉक्टरांनी निदान निश्चित केलेल्या आणि संमती असलेल्या ३०-४० जुन्या छायाचित्रांवर ते चालवून पाहावे. त्यात कुष्ठरोगाचे चट्टे, औषधाची रिॲक्शन, पसरलेला पू-संसर्ग आणि स्टिरॉइड लावून बिघडलेला नायटा जरूर असावा. किती नावे बरोबर आली हे मोजण्यापेक्षा धोक्याचे किती रुग्ण यादीतून सुटले, ते मोजावे. एकाच चट्ट्याचे उन्हात, सावलीत आणि ट्यूबलाइटखाली घेतलेले तीन फोटो द्यावेत. उजेड बदलला की आजार बदलत असेल, तर त्या साधनावर किती विसंबायचे हे लगेच कळते. निरोगी त्वचेचा एक फोटोही द्यावा. त्यातही आजार शोधून देणारी साधने आहेत.

इशारा: गप्पांच्या पद्धतीने चालणारी साधने प्रश्नातल्या सूचनेकडे झुकतात. “हे गजकर्णच आहे ना?” असे विचारले, तर होकार मिळण्याची शक्यता वाढते.

## टप्पा २: संमती आणि फोटोचा प्रवास

फोटो कुठे जाणार, कोण पाहणार, किती दिवस राहणार आणि नकार दिला तरी तपासणी होणारच, या चार गोष्टी रुग्णाला त्याच्या बोलीत सांगून संमती नोंदवावी. रुग्ण १८ वर्षांखालील असेल, तर पालकांची संमती घ्यावी. स्त्री रुग्णाचे फोटो शक्यतो स्त्री कर्मचाऱ्यानेच घ्यावेत आणि सोबत घरची बाई असू द्यावी.

सर्वांत वारंवार होणारी चूक म्हणजे फोटो कामाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे. हेतू चांगला असतो, पण गटात वीस जण असतात आणि फोटो प्रत्येकाच्या गॅलरीत आपोआप उतरतो. फोटोत चेहरा, गोंदण, मंगळसूत्र किंवा मागच्या भिंतीवर लिहिलेले नाव येत नाही ना, हे पाहावे. फोनमधील लोकेशन जोडण्याची सोय बंद ठेवावी. गुप्तांगांचे फोटो या पद्धतीत घेऊ नयेत आणि लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात नाही. अशा तक्रारी थेट डॉक्टरांना दाखवाव्यात.

## टप्पा ३: फोन खिशात असतानाच धोक्याची लक्षणे पाहणे

हा टप्पा दोन मिनिटांचा आहे आणि तो कधीही गाळू नये. खालीलपैकी काहीही आढळले, तर एआयचा विषय तिथेच संपतो. १०८ ला फोन करावा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.

- श्वासाला त्रास, आवाज बसणे, ओठ, जीभ किंवा पापण्या एकाएकी सुजणे, चक्कर येणे. अंगावर पित्त उठलेले असेल तर हे आवर्जून विचारावे.
- गेल्या दोन महिन्यांत नवे औषध सुरू झाले आहे, आणि आता ताप, त्वचेची आग, फोड किंवा तोंड, डोळे, लघवीची जागा यांवर जखमा आहेत. फिट्ससाठी दिलेली कार्बामाझेपिन व फेनिटॉइन, युरिक ॲसिडसाठीचे ॲलोप्युरिनॉल आणि सल्फा गटातील औषधे यांची नावे घेऊन विचारावे. ही स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमची, म्हणजे औषधाच्या जिवावर बेतू शकणाऱ्या रिॲक्शनची, सुरुवात असू शकते आणि पहिल्या दिवशी ती साध्या पुरळासारखी दिसते.
- तापासोबत लाल-जांभळे ठिपके, जे काचेच्या पारदर्शक ग्लासाने दाबल्यावरही मावळत नाहीत.
- दिसते त्यापेक्षा दुखणे कितीतरी जास्त, तासातासाला पसरणारी सूज, काळसर पडत चाललेली कातडी. मधुमेही रुग्णात दुप्पट सावध राहावे.
- जवळजवळ संपूर्ण अंग लाल होऊन कातडी सुटणे.
- एक महिन्याच्या आतील बाळाच्या अंगावर फोड किंवा पुरळासोबत ताप.
- साप चावल्याची शंका. तसेच कापसावर फवारणी करून आल्यावर पुरळासोबत उलट्या, खूप घाम, लाळ किंवा धूसर दिसणे. हा त्वचेचा आजार नसून विषबाधा असू शकते.

तीन गोष्टी १०८ इतक्या तातडीच्या नसल्या तरी त्याच दिवशी डॉक्टरांपुढे गेल्या पाहिजेत. कपाळ, पापणी किंवा नाकाच्या शेंड्यावर उठलेली नागीण ही पहिली. दुसरी, तापासह पायावर पसरत जाणारी लाल, गरम सूज, म्हणजे धावरे. तिसरी बहुधा कुणाच्या लक्षात येत नाही: कुष्ठरोगाच्या उपचारावर असलेल्या किंवा तो पूर्ण केलेल्या व्यक्तीचे चट्टे अचानक सुजणे, नस दुखणे किंवा हातापायातील जोर कमी होणे. ही कुष्ठरोगाची रिॲक्शन असते आणि उशीर झाला तर हाताची बोटे कायमची वाकडी होऊ शकतात.

पडताळणी: धोक्याचे काही नाही, हे कागदावर स्पष्ट लिहिले आहे का? कोरी जागा म्हणजे ‘विचारले नाही’ असे धरावे.

## टप्पा ४: प्रश्न

किती दिवसांपासून, कुठून सुरू झाले, कसे पसरले, खाज की आग, रात्री वाढते का, घरात आणखी कुणाला आहे, मधुमेह आहे का, गर्भारपण आहे का, ही नेहमीची यादी सर्वांना ठाऊक आहे. तिच्यावर वेळ न घालवता मराठवाड्यात हमखास उपयोगी पडणाऱ्या दोन प्रश्नांकडे वळतो.

पहिला प्रश्न: काय काय लावले? “मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली, लावली की बसतंय, सोडली की पुन्हा उठतंय,” हे वाक्य ऐकले की ती ट्यूब घरून मागवावी आणि तिच्या मागच्या बाजूचा मजकूर वाचावा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन यांसारखे स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि जिवाणूंचे औषध एकाच नळीत भरलेली मलमे सर्रास वापरली जातात. अशा मलमाने नायट्याची खाज थांबते आणि बुरशी आत वाढत राहते. त्याहून वाईट म्हणजे नायट्याची ओळख असलेली उठावदार, खवल्यांची गोल कडा पुसट होते. एआय त्या कडेवरूनच नायटा ओळखायला शिकलेले असते. कडा पुसली की ते इसब किंवा सोरायसिस म्हणते, आणि त्यावर विसंबून कुणी पुन्हा स्टिरॉइडच सुचवले तर रुग्ण आणखी खोलात जातो. ट्यूबचा फोटो हा चट्ट्याच्या फोटोइतकाच महत्त्वाचा कागद आहे.

लावण्याच्या यादीत घरगुती वस्तूही येतात: बिब्बा, रुईचा चीक, लसूण, चुना, राख. बिब्बा उतला की काळपट डाग, भोवती फोड आणि ओघळलेल्या रेषा दिसतात. छायाचित्रातून ते भाजल्यासारखे किंवा भयंकर संसर्गासारखे वाटते. रुग्ण स्वतःहून सांगत नाही, कारण ओरडा बसेल असे वाटते. “मावशी, गुडघा दुखत होता म्हणून बिब्बा घातला होता का?” असे सहज विचारले, तर उत्तर मिळते.

दुसरा प्रश्न: हाताला काम कोणते? बांधावरचे गाजर गवत उपटणाऱ्या माणसाच्या पापण्या, मानेच्या घड्या आणि कोपराची लवण यांवर खाजरे, जाड चट्टे उठतात. उन्हाचा त्रास समजून त्यांना फक्त टोपी घालायला सांगितले जाते. बांधकामावरील मजुराच्या हातांना सिमेंट बाधते. ऊसतोड टोळीत एका कोपीत (झोपडीत) सगळे शेजारी शेजारी झोपतात, तेव्हा एकाच्या अंगावरची खरूज सगळ्यांची असते आणि टोळी कधी हलणार हेही विचारून ठेवावे लागते. पावसाळ्यात रात्री दिव्याजवळ झोपलेल्या माणसाच्या मानेवर सकाळी आग होणारी लांबट रेघ दिसली, तर अंगावर किडा चिरडला गेला असण्याची शक्यता मोठी. एआयला ती रेघ पुष्कळदा नागीण वाटते.

## टप्पा ५: हात लावून तपासणे

छायाचित्राला स्पर्श नसतो. दूर बसलेल्या डॉक्टरांना आणि एआयला जे कधीच मिळणार नाही, ते आपल्या बोटांना मिळते. हाताच्या मागच्या बाजूने उष्णता पाहावी, दाबून दुखते का पाहावे, कडा उंच आहे की सपाट ते बोट फिरवून पाहावे, नखाने हलके खरवडून खवले सुटतात का पाहावे. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती आणि लहान मुलांचे तळहात-तळपाय पाहिल्याशिवाय खरूज नाही असे म्हणू नये. रुग्ण फक्त हात दाखवत असेल, तरी तळपाय बघावेत. सावळ्या त्वचेच्या लोकांत मेलॅनोमा हा कर्करोग दुर्मीळ असला, तरी होतो तेव्हा तो बहुधा तळपायावर किंवा नखाखाली असतो.

फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की संवेदना तपासलीच पाहिजे, एआय काहीही म्हणो. रुग्णाला आधी डोळे उघडे ठेवून, कापसाची वात त्वचेला लागली की कसे वाटते ते दाखवावे. मग डोळे मिटायला सांगून कधी निरोगी त्वचेला, कधी चट्ट्याला हलकेच स्पर्श करावा आणि लागलेल्या जागेवर बोट ठेवायला सांगावे. “लागले का?” असे प्रत्येक वेळी विचारू नये, कारण प्रश्नावरूनच रुग्ण हो म्हणतो. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाचा संशय धरून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. बहुविध औषधोपचार शासकीय केंद्रांत मोफत मिळतो. लहान मुलांच्या गालावर दिसणारे पुसट पांढरे डाग बहुतेक वेळा साधे असतात आणि त्यांचा कॅल्शियमशी काही संबंध नसतो. चेहऱ्यावर ही चाचणी फसवी ठरू शकते, म्हणून तिथे शंका उरली तर डॉक्टरांवर सोपवावे.

येथे थांबावे. आतापर्यंतच्या माहितीवरून आपली स्वतःची वर्गवारी कागदावर लिहावी: आत्ता, आज, आठवड्यात किंवा थांबता येईल. शेजारी वेळ आणि एका ओळीत कारण लिहावे. एकदा एआयचे नाव डोळ्यांसमोर आले की आपले मत आपले राहत नाही. आधी लिहिलेली ओळ हीच पुढच्या तुलनेची एकमेव आधाररेषा आहे.

## टप्पा ६: छायाचित्रे

फोटोवर मी मुद्दाम अधिक लिहितो आहे, कारण परत आलेल्या बहुतेक संदर्भांवर डॉक्टरांचा शेरा एकच असतो: चित्र अस्पष्ट.

तयारी. हळद, तेल, पावडर, जांभळे औषध किंवा मेंदी यांची आधी नोंद करावी, मग ओल्या स्वच्छ कापडाने जागा पुसून कोरडी करावी. खवले मात्र घासून काढू नयेत; त्यांच्यातच माहिती असते. फोनची भिंग बनियनच्या मऊ कापडाने पुसावी. फोनमधील सौंदर्य-सुधार, पोर्ट्रेट आणि फिल्टरच्या सर्व सोयी बंद कराव्यात. आजकालच्या अनेक फोनमध्ये चेहऱ्याची त्वचा आपोआप गुळगुळीत होते आणि पुरळ फोटोतच बरे होते.

उजेड. ओसरीत किंवा झाडाच्या दाट सावलीत मिळणारा दिवसाचा उजेड सर्वांत चांगला. थेट ऊन नको, फ्लॅश नको. हिरव्या ताडपत्रीच्या मांडवाखाली शिबिर असेल, तर फोटोसाठी रुग्णाला बाहेर आणावे, कारण ताडपत्रीतून आलेला उजेड सगळी त्वचा हिरवट करतो. मागे एकरंगी, गडद निळे कापड धरावे. फुलाफुलांच्या चादरीवरचा हात फोकस चुकवतो.

क्रम. पुढील क्रम बदलू नये.

1. शरीराचा तो संपूर्ण भाग दिसेल असा दुरून एक फोटो, म्हणजे पसारा कळतो.
2. शरीराच्या दुसऱ्या बाजूचा तसाच फोटो, तुलनेसाठी.
3. साधारण ३० सेंटिमीटरवरून, चट्ट्यासोबत भोवतालची निरोगी त्वचाही दिसेल असा.
4. साधारण १५ सेंटिमीटरवरून, पडद्यावर बोट टेकवून फोकस पक्का करून. यापेक्षा जवळ गेल्यास साधे फोन धूसर होतात. गरज असल्यास मागे राहूनच झूम करावे.
5. उंचवटा असेल, तर बाजूने तिरपा एक.
6. सर्वांत शेवटी मोजपट्टी ठेवून एक. रुपयाचे नाणे ठेवू नये. वेगवेगळ्या काळातील नाण्यांचा आकार वेगळा आहे.

मोजपट्टी शेवटी ठेवण्याला कारण आहे. पेनाच्या खुणा किंवा मोजपट्टी असलेली चित्रे प्रशिक्षणात जास्त करून संशयास्पद गाठींची असतात, त्यामुळे काही प्रणाली त्या खुणेलाच आजाराचे लक्षण समजतात; शस्त्रक्रियेआधी पेनाने केलेल्या खुणांमुळे साध्या तिळाला कर्करोग ठरवले गेल्याचे संशोधनात दिसले आहे. म्हणून एआयला पहिले पाच फोटो द्यावेत आणि सहावा फक्त डॉक्टरांना पाठवावा. धावऱ्याची कडा बॉलपेनने आखून वेळ लिहिणे अत्यंत उपयुक्त आहे, पण तेही फोटो झाल्यावरच.

इशारा: साध्या पद्धतीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दाबला जाऊन बारकावे जातात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ स्वरूपात जातो. नेटवर्क नसेल, तर मूळ फोटो जपून ठेवून रेंजमध्ये आल्यावर पाठवावा. स्क्रीनशॉट काढून पाठवू नये.

पडताळणी: रुग्ण समोर असतानाच प्रत्येक फोटो मोठा करून पाहावा. केसांची मुळे किंवा त्वचेच्या बारीक रेषा स्पष्ट दिसत नसतील, तर फोटो पुन्हा घ्यावा.

## टप्पा ७: एआयला विचारणे

नाव, गाव आणि फोन नंबर द्यायचे नाहीत. वय, लिंग, त्वचेचा रंग, काम, कालावधी, लावलेल्या वस्तू आणि हाताने तपासून आढळलेल्या गोष्टी द्यायच्या. लोकांचे शब्द जसेच्या तसे देऊ नयेत, कारण आपल्याकडे ‘ॲलर्जी’ म्हणजे काहीही असू शकते. जे दिसते आणि हाताला लागते ते लिहावे. प्रश्न असा असावा:

“पुरुष, २८ वर्षे, सावळी त्वचा, शेतमजूर. कमरेला आणि जांघेत तीन महिन्यांपासून खाजरे चट्टे. कडा पुसट, मध्ये तपकिरी. क्लोबेटासॉल असलेले मिश्र मलम दोन महिने लावले. लावले की कमी, थांबवले की वाढ. घरात पत्नीलाही खाज. संवेदना शाबूत. ताप नाही. या वर्णनात आणि छायाचित्रांत सुटू नयेत असे आजार कोणते? ते वेगळे करण्यासाठी मी आणखी काय विचारावे आणि काय तपासावे?”

‘हे काय आहे?’ असे विचारले तर एक नाव मिळते आणि आपण त्यात अडकतो. ‘काय सुटू नये?’ असे विचारले तर प्रश्न मिळतात, आणि रुग्ण अजून समोरच बसलेला असतो. माझ्या मते या साधनांचा सर्वांत खरा उपयोग हाच आहे.

## टप्पा ८: तुलना

एआयच्या यादीत आपण न धरलेला गंभीर आजार असेल, तर त्यासंबंधीचे प्रश्न पुन्हा विचारावेत, तपासणी पुन्हा करावी, आणि शंका फिटली नाही तर तातडी एक पायरी वर न्यावी. एआय सौम्य म्हणत असेल आणि आपण ‘आज’ लिहिले असेल, तर ‘आज’च राहते. दोन्ही जुळले, तरी त्याने खात्री दुप्पट होत नाही. पुसट कडेचा नायटा आपल्यालाही फसवतो आणि त्यालाही.

हवे ते उत्तर येईपर्यंत फोटो बदलत राहणे ही चूक फार सहज होते. फोटो खराब होता असे स्पष्ट दिसले तरच एकदा पुन्हा द्यावा, आणि दोन्ही उत्तरे नोंदवावीत. पडद्यावरील नाव रुग्णाला सांगू नये. ‘कर्करोग’ किंवा ‘महारोग’ हा शब्द एकदा तोंडातून गेला की तो संध्याकाळपर्यंत गावभर होतो, आणि पुढे निदान दुसरे निघाले तरी त्या घराला तो चिकटतो.

## टप्पा ९: डॉक्टरांकडे पाठवणे

ई-संजीवनी या शासकीय दूरस्थ वैद्यकीय सल्ला सेवेवरून किंवा थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांना पाठवताना टिपण असे असावे: “वर्गवारी: आठवड्यात. धोक्याची लक्षणे: सर्व विचारली, एकही नाही. मिश्र स्टिरॉइड मलमाचा दोन महिने वापर, ट्यूबचा फोटो सोबत. पत्नीलाही लक्षणे, तपासणी बाकी. संवेदना शाबूत. माझा अंदाज: स्टिरॉइडमुळे बदललेला नायटा. एआय: पहिले नाव इसब, तिसरे नायटा. प्रश्न: खवल्यांची बुरशीसाठी तपासणी करावी का, आणि मलम कसे थांबवावे?” एआयचे मत आपल्या मताच्या नंतर आणि वेगळे लिहावे, म्हणजे डॉक्टरांना कोणते मत कुणाचे आहे ते कळते. प्रश्न न विचारता फक्त फोटो पाठवल्यास उत्तरही तसेच, एका शब्दाचे येते.

स्टिरॉइड मलम एकदम बंद केल्यास काहींचा त्रास उसळतो. म्हणून ते थांबवण्याचा सल्ला आपण न देता डॉक्टरांकडून घ्यावा. तोवर नवे काही लावू नये, एवढे मात्र सांगावे.

रुग्णाला घरी पाठवताना कोणत्या लक्षणांवर थांबायचे नाही, हे सांगून त्याच्याकडून उलट म्हणवून घ्यावे. “दादा, कशाकशावर लगेच फोन करायचा, सांगा बरं,” असे विचारल्यावर जे सुटते ते पुन्हा सांगता येते. ‘आज’ गटातील रुग्ण खरोखर पोहोचला का, हे त्याच संध्याकाळी फोन करून पाहावे. ‘आठवड्यात’ गटासाठी दोन-तीन दिवसांनी एक फोन पुरतो.

## टप्पा १०: नोंदवही

प्रत्येक रुग्णासाठी चार रकाने: आपली वर्गवारी, एआयची पहिली तीन नावे, डॉक्टरांचे निदान आणि पुढे काय झाले. शेवटचा रकाना नेहमी रिकामा राहतो आणि त्याच्याशिवाय बाकीचे तीन निरुपयोगी आहेत. महिन्यातून एकदा वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत बसून फक्त चुकलेले रुग्ण काढावेत. एआय कुठे चुकले, आपण कुठे चुकलो आणि दोघेही एकत्र कुठे चुकलो, असे तीन ढीग करावेत. तिसरा ढीग सर्वांत आधी वाचावा. मोसमाप्रमाणे चुका बदलतात, म्हणून फवारणीच्या आणि उन्हाळ्याच्या महिन्यांचे हिशेब वेगळे ठेवावेत.

धोक्याचा एकही रुग्ण एआयच्या सौम्य उत्तरामुळे घरी थांबल्याचे आढळले, तर कारण कळेपर्यंत साधनाचा वापर थांबवावा. ॲप अद्ययावत झाल्यावर आतील प्रणाली बदललेली असू शकते आणि जुन्या अनुभवावर तिला ओळखता येत नाही. त्या दिवशी नोंदवहीत आडवी रेघ ओढून तारीख व आवृत्ती लिहावी आणि पहिल्या टप्प्यातील ३०-४० छायाचित्रे तिच्यावर पुन्हा चालवून पाहावीत.